पुलापर्यंतचा परवाना

डेल्फिया साइझमोर पिस्तूल बाळगण्याचा वर्ग घेते म्हटलं, की नवा माणूस जरा बिचकतो. मग ती पीच भरून भाजलेल्या गोड 'पाय'चा गरम ट्रे हातात घेऊन आत शिरते आणि बिचकणं तिथेच संपतं. आयुष्यभर तिने शाळेची बस चालवली. आवाज अजूनही मागच्या बाकापर्यंत पोचतो.

ओहायो नदीच्या केंटकीकडच्या काठावर, अग्निशमन दलाच्या दालनात हा वर्ग भरतो. खरं म्हणजे त्यांच्या राज्यात कपड्याआड पिस्तूल बाळगायला आता परवाना लागत नाही. तरी लोक तो काढतात, कारण शेजारची बरीच राज्यं तो मानतात. टेनेसी मानतं, इंडियाना मानतं. नुसता पूल ओलांडला की लागणारं इलिनॉय मात्र मानत नाही.

"पलीकडे तुमचं हे कार्ड म्हणजे वाचनालयाचं कार्ड," डेल्फिया खिडकीतून नदी दाखवत सांगते. "पुलाआधी थांबायचं. पिस्तूल रिकामं करायचं, पेटीत घालायचं, कुलूप लावायचं. 'विसरले हो' हे तिकडच्या पोलिसांना पटत नाही."

गावाने हे इतकं अंगी बाणवलं आहे, की पुलाच्या तोंडाशी टॅकेटचं मासेमारीच्या सामानाचं दुकान आहे, तिथे थांबून कंबर मोकळी केल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. ज्यांना पेट्यांची कटकट नको, ते सरळ टॅकेटच्या तिजोरीत पिस्तूल ठेवून पलीकडे जातात आणि परतताना घेतात.

अशा या डेल्फियाने वैधव्याच्या दहा वर्षांनंतर नवरा निवडला, तो नेमका पलीकडचा. ऑर्व्हल मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होता. अग्निशमन दलाच्या मासे-जेवणाला आला, तिने तळलेला मासा खाल्ला आणि तोंड पुसत म्हणाला, "पीठ जरा जाड झालंय." इतक्या वर्षांत तिला असं तोंडावर सांगणारा कोणी भेटला नव्हता. पुढच्या शनिवारी तो स्वतःच्या हातचं केळ्याचं पुडिंग घेऊन आला, आणि मग येतच राहिला.

अडचण एकच होती, ऑर्व्हलची थोरली बहीण लुसिंडा. निवृत्त मुख्याध्यापिका. लग्न पलीकडे, तिच्याच चर्चमध्ये, आणि तयारीही तिचीच.

"तुझ्या माणसांचे कोट चर्चच्या दारात चाचपायचे का आम्ही?" तिने विचारलं होतं.

"माझ्याकडचं एकही माणूस पिस्तूल घेऊन येणार नाही," डेल्फिया म्हणाली. "शब्द देते."

लग्नाच्या सकाळी टॅकेटच्या दुकानापुढे गाड्यांची रांग लागली. तिच्याकडचे सगळे पाहुणे तिचेच विद्यार्थी. एकेकाने पुढे होऊन पिस्तूल तिजोरीत ठेवलं.

"टॅकेट, आज तुझा गल्ला लुटायला रणगाडा लागेल रे!" रांगेतून कोणी ओरडलं.

"तू आधी जुनी उधारी दे, मग लुटायचं बोल!"

हशा पिकला. फक्त होबार्टकाका आपल्या ट्रकमधून उतरेनात. डेल्फियाचे वडील ती लहान असताना गेले, तेव्हापासून या काकांनीच तिला वाढवलं. बस चालवायला त्यांनीच शिकवलं, पहिल्या लग्नात त्यांनीच तिला हाताला धरून वेदीपर्यंत नेलं. आता काका चौऱ्याऐंशीचे. एक गुडघा बदललेला.

निळ्या रेशमी झग्याचा घोळ सावरत डेल्फिया ट्रकमध्ये त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"काका, चला. ठेवा ते आत."

"नाही ठेवत. माझं गाडीचं लायसन तिकडे चालतं. माझ्या कुत्र्याचा लसीचा कागद चालतो. मग मीच मेला असा कोण, जो चालत नाही?"

"कायदा मी केलेला नाही."

"पण शिकवतेस तूच ना!"

"म्हणून तर. मीच तो मोडला तर उद्या वर्गात कुठल्या तोंडाने उभी राहू? आणि लुसिंडाला शब्द दिलाय मी."

"मग त्या टॅकेटचा हात धरून जा. मी बसतो इथे मासे धरत."

हात धरायला माणसांची कमी नव्हती, पण डेल्फियाला दुसऱ्या कुणाचाच हात नको होता. काकांशिवाय ती चर्चमध्ये पाऊल टाकणार नव्हती आणि पिस्तुलासकट काकांना नेणार नव्हती.

"बरं," ती म्हणाली, "नुसतं काढून दाखवा. दुकानाच्या दारापर्यंत चाला. मग हवं तर परत घाला."

काका कुरकुरत उतरले. कमरेच्या चामडी खोळीतून त्यांनी ते जुनं, जडशीळ पिस्तूल काढून रिकामं केलं आणि सीटवर ठेवलं. दोन पावलं टाकली, आणि डाव्या अंगाला कलून त्यांनी चटकन ट्रकचं दार धरलं.

"बघितलंस?" ते हळूच म्हणाले. "पडतो मी. भर चर्चमध्ये तुला घेऊन पडलो तर?"

डेल्फियाने त्यांच्या कमरेच्या रिकाम्या खोळीकडे पाहिलं. वर्गातली नवी माणसं तक्रार करतात, पिस्तूल कमरेला जड होतं म्हणून. जुनी माणसं म्हणतात, काढलं की अंग तिरपं होतं. किती जणांकडून तिने हे ऐकलं होतं, आणि घरच्याच माणसाचं तिच्या ध्यानात आलं नव्हतं! काकांचा नवा गुडघाच मुळी त्या वजनाच्या हिशेबाने चालायला शिकला होता.

"अहो, मग एवढंच सांगायचं होतं!"

"पडतो असं कोण सांगतं गं आपल्या पोरीला?"

ती सीटवरचं पिस्तूल घेऊन, झगा उचलून दुकानात पळाली. "टॅकेट, गळाला लावायची शिशाची वजनं काढ. मोठ्या माशांची!"

एका हातात पिस्तूल आणि दुसऱ्या हातात शिशाची थैली धरून तिने अंदाज घेतला. "अजून दोन टाक," ती टॅकेटला म्हणाली. थैली खोळीत कोंबली, पिस्तूल तिजोरीत गेलं. काकांनी चार पावलं टाकली, वळले, परत आले.

"अजून एक टाक," ते म्हणाले, आणि सबंध रांगेने टाळ्या पिटल्या.

चर्चच्या दारात लुसिंडा उभी होती. तिची नजर होबार्टकाकांच्या कोटाच्या फुगवट्यावर गेली आणि तिथेच खिळली.

"डेल्फिया, हा तुझा शब्द?" ती काकांकडे वळली. "कोट वर करा."

"बाई," काका म्हणाले, "आपली आधी ओळख तरी होऊ द्या!"

मागचे पाहुणे खुसखुसले. डेल्फियाने स्वतःच कोट बाजूला केला, थैली काढून लुसिंडाच्या हातावर ठेवली आणि काय झालं ते सांगितलं. लुसिंडाने थैली उघडून शिशाचे गोळे पाहिले. एक उचलून हातावर तोलला. आधी तिचे खांदे हलले, मग ती इतकी मोठ्याने हसली, की आतून ऑर्व्हल धावत दारात आला.

"काय झालं? येतेय ना ती?"

"येतेय, येतेय! तू जा, जागेवर उभा राहा!" लुसिंडाने त्याला पिटाळलं. मग थैलीची दोरी घट्ट बांधून तिने ती स्वतःच्या हाताने काकांच्या खोळीत बसवली. "नीट आहे? तोल बरोबर?"

"एकदम बरोबर, बाई."

काकांनी कोपर पुढे केलं आणि डेल्फियाने त्यात हात घातला. ऑर्गन सुरू झाला. काका ताठ चालत होते, पाऊल सरळ रेषेत पडत होतं. अर्ध्या वाटेवर ते थांबले आणि ऑर्गन वाजवणाऱ्या मुलीला म्हणाले, "जरा सावकाश वाजव गं. मला काही घाई नाही."

समोर ऑर्व्हल हसत उभा होता. ती धून त्या मुलीला दोनदा वाजवावी लागली.