वॉर्ड तीनच्या यादीतलं नाव

काशिनाथ कुंभोजकर मुलीकडे परदेशात, न्यू लिनला आले त्याला सात वर्षं झाली, पण मन अजून नगरपालिकेतच होतं. कृष्णाकाठच्या त्या लहानशा गावात त्यांनी चौतीस वर्षं निवडणूक शाखा सांभाळली. शाखा म्हणजे एक टेबल, एक कपाट आणि ते स्वतः. पण रुबाब असा, की लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव जणू ह्यांना विचारूनच केला होता!

त्या ठरावावर बोलायला त्यांना कुणीही चालायचं. यंदा इथल्या कौन्सिलच्या निवडणुकीचं पाकीट पोस्टाने आलं आणि नात ओवी तावडीत सापडली.

"आधी कलेक्टर म्हणेल ती पूर्व दिशा. गावच्या दिव्यांचं, गटारांचं गावाने ठरवावं, हे अठराशे ब्याऐंशी साली आलं. मत मोजक्यांनाच होतं, पण माझ्या पणजोबांना होतं. नवा फेटा बांधून गेले होते म्हणे."

"कूल, आजोबा. सो इट्स लाइक अवर लोकल बोर्ड?"

"तसंच. पण आमच्याकडे चार वर्षं निवडणूकच नाही. प्रशासक बसलाय. पुन्हा साहेबाचंच राज्य!"

मतपत्रिकेवर खुणा करून त्यांनी ती सुपरमार्केटातल्या नारिंगी पेटीत टाकली. ना रांग, ना बोटाला शाई, ना कुणी ओळखीचं. मत दिल्यासारखं वाटलंच नाही.

त्याच आठवड्यात कृष्णाचा फोन आला. कृष्णा म्हणजे त्यांच्या जागेवर आलेला कारकून.

"भाऊसाहेब, निवडणूक लागतीय! वॉर्ड तीनच्या यादीत तुमचं नाव आहे अजून. या की!"

काशिनाथरावांचा ऊर भरून आला. मनाने ते शाळेच्या व्हरांड्यात रांगेत उभेही राहिले. मग गेल्या वर्षीचा समारंभ आठवला. मुलीच्या आग्रहाखातर त्यांनी इथलं नागरिकत्व घेतलं होतं. तिकडचं मत त्याच दिवशी गेलं होतं.

"जाऊन या, बाबा," नीलांबरी म्हणाली. तिला त्यांचा चेहरा बघवेना. "नाव आहे ना? कोण बघतंय?"

"मी बघायचो," ते म्हणाले.

दोन दिवस धड जेवले नाहीत. जावंसं फार वाटत होतं, अगदी जीव तुटत होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी नीलांबरीकडून नाव वगळायचा अर्ज छापून घेतला. कृष्णा फोनवर गयावया करत होता, "राहू द्या की भाऊसाहेब, कुणाचं काय अडलंय?"

कारणांच्या चौकटी त्यांना पाठ होत्या. मयत. स्थलांतरित. भारतीय नागरिक नाही. 'मयत'पाशी पेन थोडा वेळ रेंगाळलं. ते निदान गावात राहून तरी झालं असतं. मग त्यांनी शेवटच्या चौकटीत खूण केली, खाली वळणदार सही केली आणि टेबलावर डोकं टेकून लहान मुलासारखे रडले.