सासूबाईंची जागा

आत्या रिकाम्या जागेवर सरळ कधी बसली नाही. लग्नाच्या पंगतीत एखादं पान मोकळं दिसलं तरी ती उभी राहायची आणि शेजारच्याला विचारायची, "इथं कोन व्हतं?" शेअर रिक्षात तेच, दवाखान्याच्या बाकावर तेच. "कुणी नाही, बसा," असं दोघातिघांनी सांगितलं तरी ती टोकावर टेकायची आणि तिचं अर्धं लक्ष दाराकडं असायचं. गावातल्या पोरांनी तिला चौकशीआत्या असं नाव ठेवलं होतं. तिला ते ठाऊक होतं. "चौकशी केली तं कुनाचा जीव जातो का?" म्हणून तीच आधी हसायची.

ती माझ्या नवऱ्याची, महेशची, सख्खी आत्या. आमचं गाव बदलापूरच्या पुढं, रस्ता धरणाकडं वळतो त्या अंगाला. अजून भाताची खाचरं आहेत, पण बांधाला लागून बिल्डरांच्या पाट्या उभ्या राहिल्यात आणि दोन इमारतींत माणसं राहायलाही आलीत. आत्याचं सासर लांब, मुरबाडकडं. नवरा ऐन तारुण्यात गेला. कार्य उरकलं त्याच दुपारी दिरानं आपल्या मुलाला पुढं करून सांगितलं, आता शेत आणि घर हा बघेल. आत्या तिथंच ओटीवर बसलेली होती. हे तिनं मला एकदाच सांगितलं, तेही तांदूळ निवडताना. "मी काय मेलेली नवते. पन मला कुनी इचारलंच नाय." तिथून ती माहेरी आली ती आलीच. भावानं मागच्या पडवीतली खोली दिली, भाऊ गेल्यावर भाच्यानं, म्हणजे महेशनं, राहू दिलं. तिच्या नावावर कुठंच काही नव्हतं.

मी उल्हासनगरची. कॅम्पातल्या चाळीत वाढले, शेजारी सगळे सिंधी. आमच्याकडं निवडणूक म्हणजे गल्लीत सहा उमेदवारांचे सहा भोंगे आणि प्रत्येकाचा "साईं, खयाल रखना." गावकी हा शब्द मी लग्नानंतर ऐकला. गावातली जुनी शेतकरी घरं एकत्र बसून देवळाचं, पाण्याचं, भांडणाचं ठरवतात ती गावकी. एवढं मला कळलं होतं. बाकीचं कळायला एक नारळ खर्ची पडला.

माझ्या सासूबाई ग्रामपंचायतीच्या सदस्य होत्या. मोठ्या बोलक्या, रस्त्यात थांबवून कुणालाही दटावणाऱ्या. साध्या तापाचं निमित्त झालं आणि त्या गेल्या. सगळं गाव मनापासून रडलं. तेराव्याची जेवणं झाल्यावर गावकीची मंडळी ओटीवर बसली, त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या पाटीलकाकांनी मला बोलावलं आणि पदरात एक नारळ घातला. "सांभाल गो बाय," म्हणाले. मला वाटलं, सांत्वनाची रीत असेल. मी वाकून नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी वालाचं बिरडं करायचं होतं, घरात खोबरं नव्हतं, तर तोच नारळ फोडला.

आत्या चुलीपाशी आली, करवंट्या बघितल्या आणि तिचा चेहरा उतरला. "फोडलास?"

"हो. का?"

"अगो, तो गावकीचा नारल. पंचायतीतली जागा घरात राहावी म्हनून देतात. फोडला म्हंजे घेतली." आणि मग हळूच, "माझ्यापाशी यायचंस ना इचाराला."

मी दोन्ही करवंट्या एकमेकींवर ठेवून बघितल्या. बिरडं मात्र सगळ्यांनी वाटी पुढं करून घेतलं.

महेश खूश होता. "टेन्शन काय घेतेस? डायरेक्ट बिनविरोध. आईची जागा आहे, सुनेला मिळते, फिक्स असतं हे." बिनविरोध झाली तर गावाला जादा निधी मिळतो, असंही कुणीतरी ओटीवर म्हणालं होतं. खोटं कशाला बोलू, मलाही ऐकून बरं वाटलं. चार माणसांत बोलायचं म्हटलं की मी दाराआड जाते. मतं न मागता काम होत असेल तर कुणाला नको होतं!

आत्याला नको होतं. ती भांडली नाही, तिचा तो स्वभावच नव्हता. भांडी घासता घासता एवढंच म्हणाली, "बाईची साडी सुनंला देता येते, सुनबाय. जागा कशी देनार? जागा तुज्या सासूची नवती. ज्यांनी तिला मतं दिली त्यांची व्हती. त्यांना इचारा." महेशनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पोटनिवडणूक जाहीर झाली, मी अंबरनाथला तहसील कचेरीत जाऊन अर्ज भरला. तिथंच कळलं की सुजातानंही भरलाय. सुजाता आमच्याच वॉर्डातली, खालच्या बौद्धवस्तीतली. बी.ए. झालेली, अंबरनाथला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. वस्तीतल्या नळाला पाणी सगळ्यात शेवटी येतं, आणि आलं तर येतं, यावरून ती ग्रामसभेत दरवेळी उभी राहायची. गावकीच्या बैठकीला वस्तीतल्या कुणाला बोलावलंच नव्हतं. कधीच बोलावत नसत. त्यामुळं नारळाचं तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी तिनं का ऐकावं?

मग आमच्या घराचा नूरच पालटला. ओटीवर रोज माणसं, महेशच्या मोबाइलला दम नाही. "तिला समजावू," "तिच्या भावाशी बोलू," "माघारीच्या दिवशी गाडी पाठवू." चहा करून करून माझे हात दुखले. कोण कुणाला काय समजावणार होतं, कोण जाणे. आत्याचं तर जेवणच तुटलं. एका दुपारी तिनं मला पडवीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"सुनबाय, खरं सांग. मी काय बोलले तं महेश मला घरातनं काडंल का?"

"काहीतरीच काय, आत्या!" मी म्हणाले खरी. पण माझा आवाज मलाच पटला नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मान डोलावली. या वयात ती गेली असती कुठं? सासरी तिला ओळखणारं कुणी उरलं नव्हतं.

माघारीच्या दिवशी आत्या सकाळी न सांगता बाहेर पडली. ती, जी परसात जातानासुद्धा सांगून जायची. दहाच्या सुमाराला महेशचा फोन खणखणला आणि तो ओरडलाच, "काय? आत्या सुजाताकडं काय करते?" आणि माझ्याकडं वळून, "जा, आण तिला." मी चप्पल घालून पळत सुटले.

सुजाताच्या दारात गावकीची जीप उभी होती. ओट्यावर आत्या, मांडीत सूप, सुपात वालाच्या शेंगा. ती जीपकडं बघत शेंगा सोलत होती, त्यामुळं निम्मे दाणे खाली पडत होते. सुजाताची आई एकेक दाणा वेचून परत सुपात टाकत होती. सुजाता उंबऱ्यात उभी.

"आत्या, उठ. घरी चल," पाटीलकाका जीपमधूनच म्हणाले.

"मी कुनाला अडवलं का? दार उघडं हाय. तिला इचारा, येते का."

"तिचं आमी बघू. तू मधी पडू नको."

"मधी नाय पडले. मी आल्या आल्या तिला इचारलं, तुला उभं राहाचं हाय का मनापासनं? ती हाय म्हनली. मंग मी बसले. तुमी पन इचारा ना. नाय म्हनली तं मी उठते."

पाटीलकाकांना विचारायची सवय नव्हती. ते खाली उतरले, खाकरले, इकडं तिकडं पाहिलं. शेवटी सुजाताच म्हणाली, "काका, मी माघार घेणार नाही. गाडीचं पेट्रोल फुकट गेलं तुमचं." आणि मग माझ्याकडं वळून, "ताई, तुम्ही तरी आत या. उन्हात का उभ्या?"

मी आत गेले नाही. मला जायचं होतं, पण जीपमधली सगळी तोंडं माझ्याकडं वळलेली होती. मी आत्याच्या शेजारी ओट्यावर बसले आणि शेंगा सोलायला घेतल्या. मी तिला घरी चल म्हणेन या धास्तीनं ती माझ्याकडं बघतही नव्हती. माघारीची वेळ टळेपर्यंत आम्ही तशाच बसून होतो. जीप केव्हाच निघून गेली होती.

घरी महेश दारातच होता. त्यानं आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "आत्या, तू कुणाच्या घरात राहतेस?"

"तुज्या," आत्या म्हणाली. आणि खाली मान घालून पडवीत गेली. त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलेनासा झाला.

आता लढायचं म्हणजे दारोदार जायचं. माझं चिन्ह कपबशी, सुजाताचं शिलाई मशीन. पहिल्या दिवशी मी पाटीलकाकांच्या सुनेसमोर उभी राहिले आणि मला माझं स्वतःचं आडनाव आठवेना. संध्याकाळी आत्यानं माझे पाय चेपायला घेतले. मी ओढून घेतले तर म्हणाली, "उभी राह्यलीस ना? मंग नीट माग. काय देनार ते सांगू नको. काय पायजे ते इचार आनि गप बस." मी तेच केलं. लोक बोलायला लागले की थांबत नाहीत हे मला तेव्हा समजलं. इमारतीतल्या बायका म्हणाल्या, पाच वर्षांत आमच्या जिन्यात कुणी आलंच नाही. एकदा तिथंच, त्याच जिन्यात, मी वर चढत होते आणि सुजाता खाली उतरत होती. दोघींनी भिंतीला अंग चोरून वाट दिली. "तिसऱ्या मजल्यावर कुत्रा आहे हां," ती म्हणाली.

रात्री झोप लागत नसे. हरले तर महेश आत्याला काय म्हणेल, हाच विचार डोक्यात. जिंकण्याहरण्याचं माझं मला फारसं काही नव्हतं, पण माझ्या मतांवर त्या म्हातारीचं छप्पर टांगलेलं होतं.

मी निवडून आले. थोडक्यात आले, पण आले. अंबरनाथच्या कचेरीबाहेर सुजातानं माझा हात हातात घेतला. "अभिनंदन, ताई. आता नळाचं विसरायचं नाही. मी ग्रामसभेत पुढंच बसणार." घरी गुलाल, पेढे, ढोल. महेशला तर आभाळ ठेंगणं झालं होतं. "दिलेली नाही, निवडून आली माझी बायको!" तो प्रत्येकाला सांगत होता. त्याच भरात, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, तो पडवीच्या दाराकडं बघून मोठ्यानं म्हणाला, "आत्याचं पण मत कामी आलं शेवटी."

तिनं गप्प राहायला हवं होतं. मी डोळ्यांनी खुणावत होते. पण आत्याला विचारलं की ती खरं सांगायची, आणि हे तिला विचारल्यासारखंच वाटलं.

"मी सुजाताला दिलं, बाबा."

ढोलवाला तेवढा वाजवत राहिला.

"हिला घरातनं मतं व्हती," आत्या म्हणाली. "तिला तिच्या वस्तीभायेरचं एक तरी पायजे व्हतं ना."

महेश उठून बाहेर निघून गेला.

जेवायला बोलवायला मी खोलीत गेले तर खाटेवर तिची कापडी पिशवी भरून ठेवलेली. लुगडी, फणी, देवीचा छोटा टाक. "मत द्याला जायच्या आदीच भरली," ती म्हणाली. मला रडूच कोसळलं. तिनंच माझी समजूत घातली.

ती गेली नाही, कारण जा असं कुणी म्हणालं नाही. पण पिशवीही उपसली नाही. रोज एक लुगडं काढायची, धुवायची, वाळलं की घडी घालून परत पिशवीत. मी शंभरदा सांगितलं, आत्या, राहा. ती म्हणायची, "तू बोललीस, बरं वाटलं. पन घर त्याचं हाय." पंचायतीच्या पहिल्या बैठकीला मी गेले तेव्हाही माझं चित्त त्या पिशवीत होतं. घरी परतल्यावर आत्या दिसेल ना, एवढीच धाकधूक.

शेवटी मी महेशला धरलं. तो फणकारला, "मी तिला जा म्हटलं का?"

"नाही. पण राहा तरी कुठं म्हटलंस?"

"त्यात काय म्हणायचं? राहतेच आहे ना ती!"

"महेश, तिला आयुष्यात कुणी विचारलेलं नाही."

दोन दिवस तो घुश्शात होता. तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणातून उगाच दोन फेऱ्या मारून तो पडवीच्या दाराशी उभा राहिला. आत्या लुगडं पिळत होती.

"आत्या, इथंच राहशील ना?"

तिनं पीळ सोडला नाही. "सांगतोस का इचारतोस?"

महेश उंबऱ्यावर टेकला. "विचारतोय गं."

"मंग राहते," आत्या म्हणाली, आणि ते लुगडं झटकून दोरीवर वाळत घातलं.

त्यानंतर ती एक दिवाळी आमच्यात होती. शेवटच्या आजारात महेशनं तिला माझ्याकडंही सोपवली नाही. डोकं मांडीवर घेऊन तो चमच्यानं पाणी पाजत होता, आणि प्रत्येक चमच्याआधी थांबून विचारत होता, "देऊ, आत्या?" ती मान हलवायची. एका चमच्याला मान हलली नाही. तो बराच वेळ चमचा तसाच धरून बसला होता.