आणि सोबती

दिनांक २१ ऑक्टोबर २००७, रविवार, दुपारचे तीन. रक्कम पन्नास सिंगापूर डॉलर, दर कुटुंबामागे. हजर अकरा कुटुंबं, मोजून एकतीस माणसं. त्यांत माझी बायको सुशीला आणि मुलगी ग्रेस, वय चौदा. जागा बुओना व्हिस्टाच्या एका कॉन्डोमधली फंक्शन रूम.

ग्रेसच्या हातातली चिठ्ठी रेमंडसाहेबांनी काढून घेतली. दोन बोटांनी. लहान मुलाच्या तोंडातून खडा काढावा तशी.

आम्ही मराठी बोलणारे कॅथलिक. महिन्यातून एकदा जमायचो. मराठीतून प्रार्थना, मग चहा आणि गप्पा. पुढच्या रविवारी रोममध्ये स्पेनच्या यादवी युद्धातले रक्तसाक्षी धन्य म्हणून जाहीर होणार होते. श्रद्धा सोडली नाही म्हणून मारले गेलेले फादर, ब्रदर, सिस्टर आणि साधी माणसं. त्याच दिवशी आपणही चर्चच्या हॉलमध्ये मिरवणूक काढायची, असं ठरलं. अकरा कुटुंबं, अकरा बोर्ड. बोर्डावर फोटो, नाव, वय. पन्नास डॉलर छपाईचे आणि खाण्याचे. कोणी कोणता बोर्ड धरायचा, ते चिठ्ठ्या टाकून.

पहिली चिठ्ठी ग्रेसने उचलली. त्यात बिशपांचं नाव निघालं. ती हसली. तिला फोटो आवडला होता, म्हातारा आणि दयाळू दिसणारा.

"अगं, हे राहू दे," रेमंडसाहेब म्हणाले. "बिशप आमच्याकडे. तो बोर्ड मोठा आहे, तुला झेपायचा नाही."

सगळे बोर्ड सारखेच होते. दोन फूट बाय तीन. ऑर्डर मीच दिली होती.

त्यांनी तिला दुसरी चिठ्ठी उचलू दिली नाही. भिंतीला टेकवलेला शेवटचा बोर्ड दाखवला. त्यावर फोटो नव्हता, वय नव्हतं. दहाव्या बोर्डावर एका फादरांचं नाव होतं आणि अकराव्यावर त्या नावाचं शेपूट. दोन शब्द. ‘आणि सोबती’.

"हे कोण?" सुशीलाने विचारलं.

"फादरांबरोबर पकडलेले. आचारी, माळी, दारवान, असले." मग साहेब माझ्याकडे वळले. "तुम्हाला हाच बरा. तुमच्या घरात आचाऱ्याचा अनुभव आहे ना?"

 त्यांना कळलं होतं.

मी नऊ वर्षं सिंगापुरात होतो आणि नऊ वर्षं सांगत होतो की आम्ही वसईकडचे. वसईचा कॅथलिक म्हटलं की पुढचा, जातीचा, प्रश्न येत नाही. नगरचा कॅथलिक म्हटलं की येतो. रेमंडसाहेब जूनमध्ये मुंबईहून बँकेत बदलून आले. वसईतलं जुनं घराणं. आल्या आल्या आमच्या मंडळाचे अध्यक्ष झाले. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं होतं, "वसईत नक्की कुठले हो तुम्ही? गास? निर्मळ? नंदाखाल?" मी म्हणालो होतो, गाव फार पूर्वीच सुटलं. ते मान हलवून हसले होते.

आता ते चहा ढवळत होते.

"वसईत विचारलं मी. तुम्हाला कोणी ओळखत नाही. मग आमचा चुलतभाऊ फादर आहे, तो नगरकडे होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, हो हो, मिशनच्या स्वयंपाक्याचा मुलगा. महारवाड्यातला."

 कोणीतरी चमचा बशीत ठेवला.

"वाईट वाटून घेऊ नका, अकाउंटंटसाहेब. पण फरक असतो. आमच्या घरात चारशे वर्षं प्रभूचं नाव आहे. आणि ह्या स्पेनच्या लोकांनी छातीवर गोळ्या खाल्ल्या. सुकडी खाऊन नव्हते ते ख्रिस्ती झाले."

मग हशा. आधी दोघं, मग खोली.

"सुकडीची पावती जपून ठेवली असेल त्यांनी," मागून एक बाई म्हणाली. "हिशेबी माणूस आहे." पुन्हा हशा.

मी काय केलं ते लिहितो. पाकिटातून पन्नासची नोट काढून दिली. बोर्ड उचलला. म्हणालो, "थँक यू, साहेब."

हे मी म्हणालो. शुद्धीवर असताना.

परतीच्या एमआरटी ट्रेनमध्ये बोर्ड माझ्या गुडघ्यांमध्ये उभा होता. सुशीला दोन सीट सोडून बसली. क्लेमेंटी स्टेशन आलं. मग ग्रेस म्हणाली, "पप्पा, व्हॉट इज सुकडी?"

मी सांगितलं. भाजलेल्या पिठाचं गोड खाणं. दुष्काळात वाटायचे.

"सो वी नॉट फ्रॉम वसई, इज इट?"

"नाही."

"देन व्हाय यू थँक हिम, पप्पा?"

मराठीत कोणी विचारलं असतं तर मी रागावलो असतो. इंग्रजीत तो प्रश्न उघडावाघडा वाटला. घरी जाऊन मी तिला सगळं सांगितलं. तिला मराठी कळतं, बोलता येत नाही एवढंच.

माझा बाप लाजरस, नगर जिल्ह्यातल्या एका मिशनमध्ये फादरांचा आचारी. बाप्तिस्मा १९६० चा. दुष्काळ १९७२ चा. मधली वर्षं बारा. सुकडी आली तेव्हा सगळ्या गावाने खाल्ली, पाटलाच्या घरानेही खाल्ली, आणि त्यांच्यातलं कोणी ख्रिस्ती झालं नाही. ही वजाबाकी मला त्या फंक्शन रूममध्ये करता आली नाही. मी वजाबाकीवर पोट भरणारा माणूस.

परदेशी फादर माझ्या बापाला ‘बाबू’ म्हणायचे. पूर्ण नाव त्यांना माहीत नसावं. तो टेबलावर वाढायचा आणि मागच्या पायरीवर बसून जेवायचा. एकदा बिशप आले, व्हरांड्यात सगळ्यांचा फोटो निघाला. बापाने धुतलेला सदरा घातला होता. फादर म्हणाले, "बाबू, चूल बघ." बाप चूल बघायला गेला. चूल विझलेली होती.

मग १९७४ चा जून. मी आठवीत, माझी मोठी बहीण नववीत. हेडमास्तरांनी बापाला शाळेत बोलावलं. मी दारात उभा होतो. टेबलावर शिष्यवृत्तीचा फॉर्म.

"लाजरस, दोघांची फी माफ होते. पुस्तकं मिळतात. वर महिन्याला पैसे. फक्त इथे धर्म हिंदू, जात महार, एवढं लिहू दे. रविवारी तू कुठं जातो, कोण बघतंय?"

"ख्रिस्ती लिवा, मास्तर."

"अरे, ख्रिस्ती लिहिलं की सरकारच्या लेखी तू महार राहात नाहीस. काही मिळणार नाही."

"आन् पाटलाच्या हिरीवर?"

हेडमास्तर हसले. खरोखर हसले, त्यांना ते विनोदी वाटलं. "विहिरीवर महारच की रे."

"मंग तिथंबी हाय तोच ऱ्हातो आन् हितंबी तोच ऱ्हातो. रविवारी एक आन् सोमवारी दुसरं, असं तोंड मला न्हाई. ख्रिस्ती लिवा."

त्याने सही केली. सही करायला त्याला बराच वेळ लागायचा. आमच्या वाड्यातल्या कित्येकांनी त्या फॉर्मवर हिंदू लिहिलं आणि चर्चात येत राहिले. मी त्यांना नावं ठेवत नाही. पोटाचा प्रश्न होता. पण माझ्या बापाने लिहिलं नाही.

दोघांची फी त्याच्याकडे नव्हती. एकाची होती. पुढच्या सोमवारी मी शाळेत गेलो आणि बहीण कांदे खुरपायला गेली. तिचा वर्गात दुसरा नंबर होता. माझा सतरावा.

त्या शिक्षणावर मी बी.कॉम. झालो. मुंबईत नोकरी, मग इथे. पीआर, म्हणजे इथला कायमचा रहिवासी, झालो. आणि ज्या बापाने सोमवारी एक खोटं लिहिलं नाही, त्याला मी नऊ वर्षं वसईत पुरलं. पेत्राने प्रभूला तीनदा नाकारलं. माझी मोजदाद मी केली नाही.

ग्रेस ऐकत होती. शेवटी बोर्डाकडे बघून म्हणाली, "दीज पीपल, दे गॉट नेम्स ऑर नॉट?"

त्या आठवड्यात मी शोधलं. मंडळाकडे आलेल्या इंग्रजी पुस्तिकेत शेवटच्या पानांवर, बारीक अक्षरांत, नावं होती. सहा माणसं. नाव, आडनाव, वय, काम. लपवलेलं काहीच नव्हतं. बोर्ड छापताना कोणी ते पान उलटलं नव्हतं. मीही नाही. ऑर्डर माझीच होती. मी जाड पेन घेतलं आणि ‘आणि सोबती’ ह्या शब्दांवर रेघ मारली. खाली सहा नावं लिहिली. ग्रेसने स्पेलिंग तपासलं. सुशीला स्वयंपाकघरातून म्हणाली, "उगाच काहीतरी काढू नका. आपल्याला इथेच राहायचंय." मी लिहीत राहिलो.

२८ ऑक्टोबर, चर्चचा हॉल. पुढे रेमंडसाहेब बिशपांचा बोर्ड घेऊन. एकेका कुटुंबाने माइकवर नाव वाचायचं, सगळ्यांनी ‘आम्हासाठी विनंती करा’ म्हणायचं. आमचा नंबर शेवटचा. मला वाचायचे होते दोन शब्द.

मी पहिलं नाव वाचलं. आचारी. वय वाचलं. दुसरं वाचलं. माळी.

"भाऊ, एवढं पुरे," रेमंडसाहेब हळूच म्हणाले. "खाणं गार होतंय."

मी तिसरं वाचलं. त्यांनी माइकचं बटण बंद केलं. ते बरं झालं. आचाऱ्याच्या घरचा माणूस मी, लांबून जेवायला हाक मारायची सवय आहे. सहाही नावं मोठ्याने वाचली. ‘विनंती करा’ म्हणणारा आवाज एकच होता, चौदा वर्षांच्या मुलीचा.

मग मी म्हणालो, "मी वसईचा नाही. नऊ वर्षं तुमच्याशी खोटं बोललो. मी नगर जिल्ह्यातल्या महारवाड्यातला. माझा बाप लाजरस सखाराम, मिशनचा आचारी. एका कागदावर एक शब्द खोटा लिहिला असता तर त्याच्या दोन्ही मुलांचं शिक्षण झालं असतं. त्याने लिहिला नाही. माझ्या बहिणीची शाळा सुटली. साहेब, सुकडीचा हिशेब हा असा आहे. तुमच्या चारशे वर्षांत असा फॉर्म कोणी पुढे ठेवला होता का, तेवढं सांगा."

त्यांनी सांगितलं नाही. ते म्हणाले, "फार भावनिक झालात तुम्ही. चला, समोसे घ्या." लोक समोसे घ्यायला गेले. आम्ही घेतले नाहीत.

नोव्हेंबरच्या प्रार्थनेचा निरोप दहा घरी गेला. सुशीला चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "खरं होतं. पण मैत्रिणी माझ्या गेल्या."  

मला वाटलं होतं की मी जिंकलो. हा गैरसमज एका फोनने गेला.

ग्रेसने आत्याला फोन लावायला लावला. माझी बहीण नगरमध्ये एका शाळेत मुलांची खिचडी शिजवते. मी तिला हॉलमधलं सगळं सांगितलं, थोडं अभिमानानेच. ती ऐकत होती. मग म्हणाली, "बाबांचं नाव घेतलंस?"

"घेतलं. पूर्ण."

"त्या सहा जणांचं?"

"एकेकाचं."

"माझं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काय म्हणालास माझ्याबद्दल?"

"माझी बहीण म्हणालो."

"म्हंजे मी त्याच बोर्डावर की रं." ती ओरडली नाही. खिचडीत मीठ कमी पडलं असं सांगावं तशी म्हणाली. "बाबांनी देव ठेवला. तुला शाळा मिळाली. माझं काय सोडायचं, ते मला कोणी इचारलं? त्यांनी न्हाई. तूबी न्हाई. बत्तीस वर्षं झाली, का तेहतीस?"

"तेहतीस."

"आकडा बरोबर ठेवतोस." फोन ठेवला.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी भर दुपारी ऑफिसात बसून मला ते नीट कळलं. रेमंडसाहेबांनी माझ्या मुलीच्या हातातून चिठ्ठी काढून घेतली. माझ्या बहिणीला कोणी चिठ्ठी उचलूही दिली नव्हती. आणि तिच्यावर उभा राहून मी भाषण केलं.

मी तिला पैसे पाठवले. बँकेतून परत आले. तिने खातंच बंद केलं होतं. पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाली, "हे असलं फेडायचं नसतंय. फेडलं की तू मोकळा होशील."

तर शेवटी दिलं ते असं. रेमंडसाहेबांना पन्नास डॉलर, पावती मिळाली नाही. चर्चच्या ऑफिसात दहा डॉलर, एका मिस्साचे, म्हणजे एखाद्याच्या नावाने वेदीवर होणाऱ्या प्रार्थनेचे. तिथल्या बाईने विचारलं, "डिसीज्ड ऑर लिव्हिंग?" मी म्हणालो लिव्हिंग. बहिणीचं नाव लिहून दिलं, मार्था लाजरस. पुढे लिहिलं: आचारी. ती म्हणाली, "जॉब नो नीड, लाह." मी म्हणालो, राहू द्या. वेदीवरून ते वाचलं गेलं, मार्था लाजरस, कुक. मी ते दरवर्षी वाचायला लावणार आहे.

आणि मार्थाला शून्य. तो आकडा मी बदलणार नाही, कोणाला बदलू देणार नाही. आमच्या घराने श्रद्धेसाठी काय दिलं असं कोणी विचारलं, तर आधी तिचं नाव सांगेन, मग बापाचं. मार्था. नववीत दुसरा नंबर. तिने दिलं नाही. तिच्याकडून घेतलं.