भावाच्या मापाची सीट

मोठा भाऊ गेला. तेरवीनंतर त्याच्या वस्तू वाटल्या, तेव्हा गिअरची सायकल मी मागून घेतली. वहिनी म्हणाली, घ्या, पण ठेवा इथंच, सपरीत. सपरी म्हणजे घरासमोरची उघडी पडवी. कोहमाऱ्यात आमची दोन्ही घरं एकाच गल्लीत, त्यामुळे अडचण नव्हती.

भाऊ माझ्यापेक्षा चार बोटं बुटका होता. पहिल्याच रविवारी सायकलवर बसलो आणि गुडघे पोटाशी यायला लागले. पाना घेतला, सीटच्या बोल्टला लावला, आणि तसाच काढून खिशात टाकला. फोटोत माणूस केवढाही दिसतो. भावाची खरी उंची आता फक्त त्या बोल्टने धरून ठेवली होती, असं मला वाटलं. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून सांगितलंही नाही.

मग दर रविवारी सकाळी नवेगाव बांधपर्यंत जायचं आणि परत यायचं, हा भावाचाच नेम मी धरला. दोन महिन्यांत उजवा गुडघा दुखू लागला. वाटीच्या पुढच्या बाजूला, चढावर जास्त. सीट खाली असली तर दोन्ही गुडघे दुखायला हवेत. माझा एकच दुखला, आणि भावाचाही उजवाच दुखायचा. त्याचं कारण कबड्डीतला जुना मार. मी आयुष्यात कबड्डी खेळलो नाही.

रस्त्यात जंगलाचा एक तुकडा लागतो. थंडीत तिथं धुकं इतकं खाली उतरतं की पुढचं चाकही पुसट दिसतं. एका सकाळी गुडघ्यातून कळ आली आणि मी उतरलो. अंगठा वाटीखाली दाबून धरला आणि पाच-सहा वेळा पाय झटकला. मग लक्षात आलं, ही माझी सवय नाही. भाऊ असं करायचा, आणि त्याची मी टिंगल करायचो. आजूबाजूला पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. मी मागं वळून पाहिलं, कुणी नव्हतं. तरी सायकलवर बसायच्या आधी मी रस्त्याच्या कडेला सरकलो, एखाद्याला वाट द्यावी तसा. स्वतःचाच राग आला.

नवेगावच्या तलावाजवळ भाऊ थांबायचा त्या टपरीवर चहावाल्याने न विचारता बिनसाखरेचा चहा पुढे केला. शुगर भावाला होती. मी म्हटलं, मला साखर चालते. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं.

"लंगडत आले तं मले वाटलं..." एवढंच बोलून तो गिलास परत घेऊन गेला.

गोंदियाच्या डॉक्टरने मला टेबलावर झोपवून गुडघा वाकवला, सरळ केला. सायकलचा फोटो मागितला. फोटो बघून तो हसला नाही.

"सीट इतनी नीची किसने रखी, भैया? ऐसा ही चलाओगे तो साल भर में सायकल छूट जाएगी. हमेशा के लिए."

मी मान हलवली. गोळ्या घेतल्या, गरम पाण्याची पिशवी घेतली, आणि सीट होती तिथंच ठेवली. बायको म्हणाली, तुमचं डोकं फिरलं आहे. बरोबरच होतं तिचं. पण मला वाटत होतं, मी हे वहिनीसाठी करतो आहे. तिच्या दारात उभी असलेली सायकल तरी भावाची राहू दे.

परत आलो की सपरीच्या तीन पायऱ्या चढून सायकल भिंतीला लावायची. एक पाय टाकायचा, दुसरा ओढायचा. वहिनीचं दार दर रविवारी बंदच असायचं. ती पूजेला बसली असेल असं समजून मी निघून जायचो.

एका रविवारी गुडघा इतका सुजला की मी तिथंच पायरीवर बसून राहिलो. बराच वेळ. दारापलीकडे बांगड्या वाजल्या. अगदी जवळ, दाराला टेकून कुणी उभं असावं तशा. मी हाक मारली. कडी निघाली आणि वहिनी बाहेर आली. तिचे हात कोरडे होते, पूजेचं काही नव्हतं.

"बरं नाई का, भाऊजी?"

"गुडघा. तुम्ही दाराशीच होता?"

 ती एकदम सगळं बोलून टाकल्यासारखी बोलली.

"दर रविवारी उभी राहतो. तुमी पायऱ्या चढता तं तेच चढून राहिले असं वाटते. हुबेहूब. दार उघडलं का तुमी दिसाल, म्हून उघडत नाई."

 इतके महिने त्या दाराच्या एका बाजूला मी लंगडत होतो आणि दुसऱ्या बाजूला ती श्वास रोखून ऐकत होती.

"काऊन नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तं तुमी सीट वर केली असती." ती सायकलकडे पाहत होती. "आता करा. त्यायचा पाय गेला तेवढा बस झाला. तुमचा कायले घालवता?"

हायवेवरच्या मिस्त्रीने बोल्टवर तेल सोडलं, हातोडीने दोनदा ठोकलं, तेव्हा तो सुटला. सीटची दांडी वर आली. आतला चार बोटांचा भाग नवाकोरा चकचकीत होता. मिस्त्री म्हणाला, बैठो. मी बसलो. पाय पुरे लांबले. मला रडू आलं, आणि धूळ गेली असं दाखवत डोळे चोळले.

महिना-दीड महिना सायकल उभीच ठेवली. डॉक्टरने सांगितलेले व्यायाम केले. मग एका रविवारी हळू हळू नवेगाव बांधला जाऊन आलो. गुडघा दुखला नाही. धुकं होतंच, पण मी कुठं थांबलो नाही. परत येऊन तीन पायऱ्या सरळ चढलो, दोन्ही पाय सारखे टाकत, आणि सायकल भिंतीला लावली.

"कोण हाय?" आतून वहिनीने विचारलं.

"मी, वहिनी."

दार लगेच उघडलं. तिने माझ्या पायांकडे पाहिलं, मग माझ्या मागं, रिकाम्या पायऱ्यांकडे.

"आज ते नाई आले," ती म्हणाली, आणि तिथंच उंबऱ्यावर बसली.