पहिला शब्द हेटीचा

त्या मंगळवारी सकाळपासून हेटी ऑर्मरॉड एका जागी टिकत नव्हती. सोललेला बटाटा तिने पुन्हा सोलायला घेतला, तेव्हा नवरा विल्फ समोर येऊन म्हणाला, "साल केव्हाच गेली. आता त्याचा जीव घेतेस का?"

"संध्याकाळी बैठक आहे."

"एका शब्दासाठी एवढं?"

"तो शब्द जाऊन चालायचं नाही."

"हार्क करा हिचं!" म्हणत विल्फ पेपर घेऊन बसला.

इंग्लंडातल्या रॉसेन्डेलच्या खोऱ्यात 'हार्क' हा जुना शब्द दोनच ठिकाणी उरला होता. कुणी तोरा मिरवला की टोमणा मारायला, आणि नाताळच्या गाण्यांत. गाण्यात अर्थ सरळ होता : हातातलं सोडा, थांबा, कान द्या. नाताळच्या सकाळी चॅपलचं गायनमंडळ घरोघर फिरायचं. पेटी नाही, बाजा नाही. पहिला 'हार्क' एकट्या हेटीने लावायचा आणि त्या सुरात बाकीच्या चौदा जणांनी शिरायचं. एकोणीस वर्षं असंच चाललं होतं. गिरणीत ती चार माग सांभाळणारी एक बाई होती, घरात विल्फची बायको. त्या एका शब्दापुरतं मात्र अख्खं गाव तिच्यासाठी थांबायचं.

यंदा गायनमंडळाचे नवे नटॉल मास्तर गाण्यांचे कागद पुन्हा छापून घेणार होते आणि 'हार्क'च्या जागी रोजच्या बोलण्यातला 'लिसन' घालणार होते.

हेटीची धास्ती वेगळीच होती. चौतीस वर्षं साचाखात्यात काढून तिचे कान गेले होते. मागांच्या खडखडाटात आवाज पोचतच नसे, म्हणून तिथल्या बायका नुसत्या ओठांनी बोलत आणि एकमेकींचे ओठ वाचत. हेटीने तेच घरी, दुकानात, चॅपलमध्ये चालवलं आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. पण ओठांवर सूर दिसत नाही. 'हार्क' मोकळा, लांब. तो छातीच्या हाडात घुमला की जागेवर बसला, हे तिला कळायचं. 'लिसन' तिने स्वयंपाकघरात पन्नासदा म्हणून पाहिला. दातांत शिट्टी वाजून तो संपायचा, हाडाला काही लागायचंच नाही.

चॅपलमागच्या खोलीत सगळे गोल करून बसले. हेटी दाराजवळ बसली, तिथून सगळ्यांची तोंडं दिसत. मास्तर म्हणाले, "पोरांना 'हार्क' कळत नाही. हल्ली बोलतं कोण?"

"आमचे हे बोलतात की, मी तोंड उघडलं रे उघडलं!" बेसी हॉवर्थ म्हणाली. सगळे हसले.

हेटी उठली. "मास्तर, 'लिसन' समोर बसलेल्याला सांगतात. आपल्याच नादात असलेल्याला थांबवायचं तर 'हार्क' लागतो. आम्ही उभे दारात, लोक अंथरुणात. आधीपासून ऐकत कोण बसलंय?"

"हार्क करा पंडितीणबाईंचं!" बेसी म्हणाली.

"मुद्दा खोटा आहे का?" हेटी खाली बसली. हातमोज्याचं बटण पिळता पिळता तुटून तिच्या हातात आलं.

'हार्क' हवा त्यांनी हात वर करा, असं मास्तरांनी बाकीच्या चौदा जणांना सांगितलं. तेवढ्यात समोर बसलेली क्लारा पिकप आवाज न करता, नुसत्या ओठांनी बेसीला म्हणाली, "कर वर हात. तिला ऐकू येत नाही. नवा शब्द नाही झेपायचा." क्लारा अकरा वर्षं हेटीच्या शेजारच्या मागावर होती. गुपित म्हणून तिने गिरणीतली बोली वापरली, आणि ती बोली लांबून वाचण्यात हेटीचा हात धरणारं कुणी नाही, हेच विसरली.

बेसीचा हात वर गेला. नऊ विरुद्ध पाच. 'हार्क' राहिला.

हेटीचं तोंड तापलं. तिनेही ओठांनीच विचारलं, "कधीपासून माहीत?"

क्लारा दचकली. "दोन नाताळ."

"आणि सूर?"

"गेल्या वर्षी तू खाली लावलास. मग आम्हीही उतरलो खाली. आपल्या खर्जातल्या थॉमसलाही एवढी खालची पट्टी सापडेना, बिचारा नुसता तोंड हलवत होता."

दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर हेटी पोट धरून हसली असती. ती पुन्हा उठली. "मास्तर, मला ऐकू येत नाही. माझी कीव करून शब्द ठेवू नका. पुन्हा मतं घ्या."

"पुन्हा हात वर? माझा खांदा दुखतोय," बेसी पुटपुटली.

या खेपेला आठ विरुद्ध सहा. शब्द राहिला.

"मग पहिला सूर कोण लावणार?" मास्तरांनी एकेक अक्षर फोडून विचारलं.

"घास भरवल्यासारखं बोलू नका, मास्तर. मीच लावणार. क्लाराने माझ्याकडे तोंड करून उभं राहायचं, सूर पडला तर हात वर करायचा. आणि यंदा कुणी खाली उतरायचं नाही. तुम्ही वर थांबा, मी येते."

"आणि नाही आलीस तर?" बेसीने विचारलं. टोमणा नव्हता तो.

हेटीने बटण या हातातून त्या हातात केलं. "तर दुसऱ्या घरी तू लाव."

बाहेर पडल्यावर हेटीला बेसी रस्त्यापलीकडे, बसच्या थांब्यावर दिव्याखाली दिसली. ती तो शब्द आतापासूनच लावून पाहत होती. पुन्हा, पुन्हा. तोंड हवं तेवढं उघडत नव्हतं. तोंड आणखी उघड, असं जाऊन सांगावं, असं हेटीला वाटलं. एक पाय तिने रस्त्यावर टाकलाही. मग तो मागे घेतला आणि बसची वाट न पाहता, तोच शब्द छातीत घुमवत, झपाझप घराकडे निघाली.