मुहूर्त नसलेलं लग्न

आमच्यात मुहूर्त बघत नाहीत. आम्ही बौद्ध, रविवार बघायचा, हॉल मोकळा आहे का बघायचं, की झालं लग्न. याचा मला भारी अभिमान. आणि त्यापायीच माझ्या लेकीचं लग्न लटकून राहिलं.

मी नागपूरहून अमेरिकेत चँडलरला आले ती पाहुण्यांच्या व्हिसावर, एका मराठी जोडप्याचं बाळ सांभाळायला. व्हिसा संपला, मी राहिले. नवरा वारलेला, मागं दोन लेकरं शिकत होती. परत जाऊन काय करणार होते, कपाळ? वकीलबाईनं तेव्हाच सांगितलं होतं, एकदा बाहेर पडलात की दहा वर्षं परत येणं नाही. धाकट्याचं शिक्षण अजून व्हायचंय, म्हणून मी इथंच आहे. कुणी विचारलं, "मावशी, इंडियाला कधी?" की म्हणते, "बघू, तिकिटं महाग आहेत." खोटं बोलून बोलून जीभ झिजली बापा.

लेकीचं जमलं त्याच सुमारास टीव्हीवर बोलणं सुरू झालं, आमच्यासारख्या बिनकागदाच्या लोकांना तात्पुरता व्हिसा देणार. काम करा, घरी जाऊन या, परत या. मी लाटणं हातात घेऊन टीव्हीपुढं उभी, तव्यावर पोळी करपली. बाळाची आई म्हणाली, "मावशी, नुसतं प्रपोज केलंय हो, पास कुठं झालंय?" पण मी कसली ऐकतेय! लगेच लेकीला फोन केला, "थांब गं, मी येते. दिवाळीनंतर करू."

दिवाळी गेली. मग म्हटलं उन्हाळ्यात, मग म्हटलं पावसाळा सरल्यावर. भटजीनं तारीख बांधून दिली असती तर काय बिशाद होती ढकलायची? आमच्यात एक फोन केला की तारीख पुढं. दर वेळी लेक म्हणायची, "हो आई." मी लग्नात नेसायला आमच्या रिवाजाची पांढरी साडीसुद्धा मागवून घेतली.

हळूहळू टीव्हीवरचं बोलणं थांबलं. कुणी नाही म्हटलं नाही की काही नाही, विषयच गेला. तरी मी रोज बातम्या लावायचे. बाळ आता मोठं झालंय, शाळेत जातंय, म्हणतं, "मावशी, चेंज द चॅनल!"

एका रविवारी संध्याकाळी सगळे बर्थडेला गेले होते. घर कसं खायला उठलं होतं. मी मन घट्ट केलं आणि नागपूरला फोन लावला. तिकडं सकाळ होती. म्हटलं, "बाई, माझी वाट नको बघू. उरकून घ्या." वाटलं, ही आता रडेल, हट्ट करेल, मग मी समजूत काढीन. काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं.

ती म्हणाली, "आई, हॉल घेतलाय आम्ही. पुढच्या महिन्यातला. तुला कसं सांगू, तेच कळत नव्हतं."

"बरं केलंस," मी म्हटलं. "जेवायला काय ठेवलंय?"

ती सांगत सुटली. वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी, कोण वाढणार, कोण कुठं उतरणार. कितीतरी महिन्यांनी तिचा आवाज मोकळा झाला होता. मी नुसती हो हो करत राहिले.

फोन ठेवला आणि ढसाढसा रडले. तिकडं कुणीतरी माझ्यासाठी थांबलंय, एवढ्यावर तर मी इथं दिवस काढत होते.