नात्याचा रकाना

ऑफिसात त्याला सगळे परिशिष्ट म्हणत. तोंडावर 'काका', पाठ वळली की 'परिशिष्ट'. पाण्याचा साधा कूलर घ्यायचा असला तरी हा गृहस्थ मागे तीन परिशिष्टं जोडल्याशिवाय कागद हातातून सोडत नसे. फरश्यांच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर चौदा माणसांची सल्लागार कंपनी, आणि तिच्यात खिडकीपाशी याचं टेबल. एखाद्या संस्थेला बाहेरून काम करून घ्यायचं असलं, की ते काय, कसं आणि कुणी करावं हे सांगून प्रस्ताव मागवणारा एक जाडजूड दस्तऐवज लागतो. त्याला सगळे आरएफपी म्हणतात. परिशिष्ट अठ्ठावीस वर्षं तेच लिहीत होता.

लिहीत होता म्हणजे काय, माणसं गाळत होता. कामाचं वर्णन कुणीही करील; याचा जीव पात्रतेच्या अटींत. एखादी अट अशी बेतायचा की चाळिसातले तीस जण वाचूनच घरी बसायचे. मग कुणीतरी गयावया करत फोन करायचा, "काका, एका कागदानं अडलंय हो." हा म्हणायचा, "मग अडलंच की!" आणि फोन ठेवायचा. त्या दिवशी डबा जरा जास्त चवीनं खायचा. मुली बघायच्या वयातही त्यानं इतक्या अटी घातल्या होत्या की एकही स्थळ पात्र ठरलं नाही. छप्पन्नाव्या वर्षी तो एका खोलीत एकटा राहत होता आणि शेजाऱ्यांच्या चुका काढत होता.

जिवाची म्हणावी अशी माणसं त्याला दोनच. एक आई आणि दुसरी धाकटी बहीण. आई चौऱ्याऐंशीची, डोळ्यांनी अधू झालेली, धाकटीकडेच राहायची. दर रविवारी सकाळी हा आठवड्याच्या कपड्यांची पिशवी घेऊन तिथं हजर. धाकटी कपडे ठेवून घ्यायची, आणि हा आईच्या पलंगापाशी बसून तिला पेपर वाचून दाखवायचा. मधल्या बातम्या स्वतःच्या मनानं सुधारायचासुद्धा. दुनियेत तो कुणाशी गोड बोलत असेल तर त्या दोन तासांत.

धाकटीची त्याच घराच्या तळमजल्यावर लॉन्ड्री होती. दोन मोठी यंत्रं, एक बॉयलर, इस्त्रीच्या टेबलांवर सहा बायका. जवळच्या मोठ्या खासगी रुग्णालयाच्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे, सगळं बारा वर्षं तिच्याकडे. दुसरं गिऱ्हाईक नव्हतंच. या कामातून डोकं वर काढायला सवड मिळाली तर दुसरं शोधणार ना! ते रुग्णालय गेलं की यंत्रं बंद, सहा बायका घरी, आणि वर राहणाऱ्या म्हातारीचं औषधपाणीही अधांतरी. हे परिशिष्टाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आणि त्याच रुग्णालयानं ठरवलं की यापुढे कपडे धुण्याचं काम रीतसर प्रस्ताव मागवून द्यायचं. फाइल आली याच कंपनीत. मॅडमनी, म्हणजे मालकीणबाईंनी, ती याच्याच टेबलावर ठेवली.

आता इथं सरळ माणूस काय करील? "मॅडम, तिथं माझी बहीण काम करते, हे दुसऱ्या कुणाला द्या," म्हणेल. परिशिष्ट तोंडातून अक्षर बोलला नाही. दुसऱ्याच्या हातात फाइल गेली की तो आकाराची, शाखांची नाहीतर कामगारसंख्येची एखादी अट ठोकणार आणि धाकटीला पहिल्याच पानावर उडवणार, याची त्याला खात्री होती. खात्री का नसावी? आजवर त्यानं स्वतः दुसरं काय केलं होतं?

तेव्हा त्यानं जन्मात पहिल्यांदा कुणालातरी आत घ्यायला अटी लिहिल्या. एकाच रुग्णालयाचे कपडे सलग दहा वर्षं धुतल्याचा अनुभव हवा. लॉन्ड्री रुग्णालयापासून दोन किलोमीटरच्या आत हवी. हे अंतर तो स्वतः दोनदा चालून आला. कामगारांत निम्म्याहून अधिक स्त्रिया हव्यात. कराराची मुदत तीन वर्षं, काम समाधानकारक असल्यास आणखी दोन. हे शेवटचं लिहिताना त्याला भरून आलं. आई आहे तोवर घराला घोर नाही, असा त्यानं हिशेब केला होता.

प्रस्ताव भरण्याआधी शंका विचारायची बैठक झाली. शहराबाहेर कारखान्याएवढी लॉन्ड्री असलेल्या एका कंपनीचा टायवाला माणूस उठला. "ही दोन किलोमीटरची अट कुणाच्या मापानं शिवलीय?"

"रुग्णाच्या," परिशिष्ट म्हणाला. टायवाला खाली बसला. परिशिष्ट आतून इतका फुगला की विचारू नका.

त्याच्या कामाची एक तऱ्हा होती. तो पहिल्यापासून कधी काही लिहीत नसे. बावीस वर्षांपूर्वीची एक जुनी फाइल उघडायची, संस्थेचं नाव बदलायचं, काम आणि अटी नव्यानं लिहायच्या, आणि शेवटची बारा पानं जशीच्या तशी राहू द्यायची. स्वतःच लिहिलेलं काय वाचायचं! त्या बारा पानांत चौदावं कलम होतं. ऑफिसातल्या एका कारकुनाच्या साडूनं एकदा प्रस्ताव भरला, तेव्हा यानंच ती गोष्ट मॅडमच्या कानावर घालून त्या कारकुनाची नोकरी घालवली होती, आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून हे कलम लिहिलं होतं. सल्लागार कंपनीतल्या कुणाशीही ज्याचं नातं आहे तो अपात्र. नातं लपवलं तर कायमचा काळ्या यादीत. तो कारकून चार पोरांचा बाप होता. परिशिष्ट ते पार विसरूनही गेला होता.

आठवण करून दिली ती धाकटीनं. एका दुपारी तिचा फोन आला.

"दादा, सगळं भरत आणलंय. पान एक्केचाळीसवर नात्याचा रकाना आहे. तुझं नाव लिहू ना?"

परिशिष्टानं फाइल उघडली, पान एक्केचाळीस काढलं. समोर त्याचंच चौदावं कलम होतं. शुद्धिपत्र काढायचं तर मॅडमची सही हवी, सहीसाठी कारण हवं, आणि कारण एकच होतं.

"दादा? ऐकतोयस ना?"

"लिहू नकोस. 'नाही' लिही."

"खोटं लिहू?"

"खोटं कसलं? फॉर्म आहे तो. फॉर्ममध्ये कुणी कुणाचं नसतं."

धाकटी हसली. "बरं बाई. आईला सांगते, आजपासून तू फॉर्ममध्ये नाहीस."

पाकिटं रुग्णालयाच्या सभागृहात सगळ्यांसमोर उघडली. टेबलामागे रुग्णालयाचे प्रशासक, मॅडम आणि परिशिष्ट. समोर खुर्च्यांवर प्रस्ताव भरणारे. धाकटी ठेवणीतली साडी नेसून दुसऱ्या रांगेत बसली होती. अटींच्या चाळणीतून एकेक जण गळत गेला आणि तिचा प्रस्ताव तेवढा उरला. परिशिष्टानं "पात्र" म्हटलं, आणि टायवाला उठला.

"साहेब, ही बाई यांची सख्खी बहीण आहे. तिच्याकडची एक इस्त्रीवाली आता आमच्याकडे कामाला आहे, ती सांगते. हे दर रविवारी त्या घरी जातात."

मॅडमनी मान वळवली. "काका, खरं आहे का हे?"

हो म्हणावं तर धाकटी कायमची काळ्या यादीत, आणि आपणही रस्त्यावर. परिशिष्टानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"जातो की. कपडे द्यायला जातो. माझे कपडे धुते ती बाई."

एवढ्यावर थांबला असता तरी भागलं असतं. पण साध्या वाक्याला शेपूट जोडल्याशिवाय राहील तर तो परिशिष्ट कसला! छद्मी हसून तो पुढे म्हणाला, "आता कपडे धुणाऱ्या बायकांशीही आमची नाती जोडायला लागले लोक. उद्या झाडूवालीला माझी मावशी म्हणतील."

दोघंतिघं हसले. धाकटी हसली नाही. ती खाली बघत साडीचा पदर बोटांवर गुंडाळत होती.

प्रशासक व्यवहारी माणूस. ते म्हणाले, "बाईंनी तसं लेखी द्यावं. मात्र कराराच्या मुदतीत कधीही नातं सिद्ध झालं, तर करार तिथल्या तिथं रद्द." मॅडमनी कोरा कागद पुढे सरकवला. "काका, मजकूर सांगा."

धाकटी पुढे येऊन टेबलाशी बसली. त्यानं सांगायला सुरुवात केली आणि ती लिहायला लागली.

"मी खाली सही करणार लिहून देते की, या कंपनीतील कोणाशीही माझं रक्ताचं अथवा लग्नाचं नातं नाही..." त्याची जीभ सवयीनं पुढे धावली. "...पूर्वी कधी नव्हतं, आणि पुढे असणार नाही."

तिनं पेन थांबवलं. वर बघितलं. "पूर्वी नव्हतं, हेही लिहू?"

"लिहावं लागतं," तो म्हणाला.

तिनं लिहिलं आणि ठसठशीत सही केली. करार तिला मिळाला. टायवाला दारातून बाहेर पडता पडता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "रविवारी बघूच आम्ही."

रविवार आला तसा परिशिष्ट पिशवी घेऊन निघाला. कपडे द्यायला जातो असं सांगितलंच होतं, तेव्हा कपडे द्यायला कुणाची हरकत? गल्लीच्या तोंडाशी मोटरसायकलवर एक जण पेपर वाचत बसला होता. पान काही उलटत नव्हतं. परिशिष्ट जिना चढला. धाकटी दार अडवून उभी होती.

"तुम्ही वर कशाला आलात?" ती हलक्या आवाजात म्हणाली. पन्नास वर्षांत तिनं त्याला कधी अहोजाहो केलं नव्हतं. "कपडे खाली बायकांकडे द्यायचे."

"अगं, वेड्यासारखं काय करतेस! आईला भेटून..."

"हळू बोला. जागी आहे ती. मी तिला सांगितलंय, दादाची लांब बदली झाली."

"किती दिवस?" त्यानं कुजबुजत विचारलं.

"तीन वर्षं. वाढवून मिळाली तर पाच. तुम्हीच लिहिलंय." तिनं दार सोडलं नाही. "सहा बायका आहेत माझ्या खाली. आणि तो माणूस सकाळी सातपासून बसलाय."

आतून पलंग करकरला. "कोण आलंय गं?"

"कुणी नाही आई. कपडे द्यायला आलेत."

"जिन्यावर पाय दादासारखा वाजला."

"भास झाला तुला. तो कुठला येतोय आता."

परिशिष्टानं तोंड उघडलं. एक हाक मारली असती तर म्हातारी उठून भिंत चाचपत दारापर्यंत आली असती. त्यानं जिन्याच्या खिडकीतून खाली बघितलं. मोटरसायकलवाल्यानं पेपर घडी करून खिशात घातला होता आणि तो वर बघत होता. परिशिष्टानं तोंड मिटलं आणि पिशवी धाकटीच्या हातात दिली.

"कोण का असेना," आई आतून म्हणाली, "चढून आलेत बिचारे. पाणी तरी विचार त्यांना."

धाकटीनं त्याच्याकडे बघितलं. "पाणी हवंय?"

त्यानं मानेनंच नाही म्हटलं, आणि पाय न वाजवता तो जिना उतरला.